तळणाचं तेल आणि गगनबावड्याचा चढ

ये गं, अशी जवळ सरक. लांब बसलीस की निम्मं ऐकतेस आणि निम्मं आपल्या मनानं भरतेस, ही तुझी खोड लहानपणापासूनची. परवा फोनवर मी सांगायला लागले, आमची सून तळणाच्या तेलापासून गाडीचं तेल करते, तर तू मध्येच खो खो हसलीस आणि ‘मावशी, दूध उतू चाललंय’ म्हणून फोन ठेवलास. वर ऑफिसात सांगितलंस म्हणे, की कोल्हापूरकडे टेम्पोच्या टाकीत कढई उपडी करतात. तसं नसतं गं बाई. भाचीला जेवढं रागवायचं तेवढं रागावून झालं. आता सगळं लिहूनच काढते, म्हणजे तुला मध्ये बोलता येणार नाही.

कढईतलं तेल आहे तसं टाकीत ओतलं तर इंजिन बसतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मीही तुझ्यासारखंच विचारलं होतं. तेल दाट असतं. डिझेल इंजिनात ते अगदी बारीक भोकातून फवाऱ्यासारखं उडावं लागतं, आणि दाट तेल उडत नाही, थेंब थेंब पडतं, अर्धवट जळतं, आत काजळी धरतं. म्हणून त्याला आधी पातळ करायचं. पाणी घालून नव्हे. तेलाचं मूळच बदलायचं. ते कसं, तेच सांगायचंय.

हातकणंगल्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं मिसळीचं हॉटेल तुला माहीत आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड आणि चार बाकडी. मिसळ, कांदाभजी, बटाटेवडा. मुलगा रांगत होता तेव्हापासून मी तिथल्या कढईपुढं उभी आहे. आता तो पुण्याला कंपनीत असतो, पंधरवड्यानं येतो. सून मात्र इथंच राहिली, कारण इथल्या हायस्कूलात ती तासांवर विज्ञान शिकवते. सकाळी शाळा, दुपारनंतर माझ्याबरोबर हॉटेल.

पूर्वी दर आठवड्याला एक माणूस डबा घेऊन यायचा आणि आमचं काळं झालेलं तेल घेऊन जायचा. ते कुठं जातं, असं मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. सुनेनं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात विचारलं.

तो म्हणाला, “वैनी, तेलाला गिऱ्हाईक असतंय. तुमी इचारू नका, मी सांगत न्हाय.”

तो गेल्यावर सून मला म्हणाली, “आई, हे परत कुणाच्या तरी कढईत जातंय.”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा आमच्या तेलाचा डबा सुनेनं उचलून आत नेला होता. म्हशी विकल्यापासून आमचा गोठा मोकळाच होता. तिथं तिनं एक पिंप, दोन पातेली, एक थर्मामीटर आणि काचेच्या बाटल्या मांडल्या. मी म्हटलं, शाळेचं काहीतरी असेल.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढं जे काही शिकले ते भज्यांच्या पुड्या बांधायच्या रद्दीतून. पुडी बांधता बांधता वाचायची सवय, त्यामुळं अर्ध्या बातम्या मला माहीत आणि त्यांचा शेवट गिऱ्हाइकाच्या घरी. पण सुनेनं मला हे अर्धवट सांगितलं नाही. समोर बसवून सांगितलं.

ती म्हणाली, “आई, तेल म्हणजे तीन लांब वेण्या एका गाठीला बांधलेल्या. म्हणून ते जड, म्हणून ते दाट. आपण काय करायचं, गाठ सोडवायची. प्रत्येक वेणीला एक एक लहान फीत बांधायची आणि सुटं करायचं. सुट्या वेण्या म्हणजे बायोडिझेल. गाठ राहते ती ग्लिसरीन. ती जड, ती खाली बसते.”

फीत म्हणजे मिथेनॉल, एक प्रकारचं स्पिरिट. आणि गाठ सोडवायला हाताशी लागतो तो कॉस्टिक सोडा, अगदी थोडा. दोन्ही वाईट बरं का. मिथेनॉल पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, जिवानंही जातो. त्याची वाफही घ्यायची नाही. सोडा अंगावर उडाला तर कातडी जाते. म्हणून ती डोळ्यांना मोठा चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे घालून गोठ्याच्या पुढच्या अंगणात, मोकळ्या वाऱ्यात ते मिसळते. तेल आधी तापवून घेते आणि मग शेगडी विझवून पार हॉटेलच्या मागं नेऊन ठेवते. तोवर कुणी बिडी पेटवायची नाही, आमच्या मालकांनीसुद्धा, म्हणजे तुझ्या काकांनीसुद्धा नाही. मालकांना त्या गोठ्याचा पहिला राग आला तो बिडीवरून.

पण मला सगळ्यांत आवडली ती तिची हळदीची परीक्षा. जुनं तेल आंबट होतं म्हणे, तळून तळून. किती आंबट, त्यावर सोडा किती घालायचा ते ठरतं. कमी घातला तर गाठ सुटत नाही, जास्त घातला तर साबण होतो. आंबटपणा दाखवणाऱ्या औषधाची शाळेतली बाटली संपली होती, तर तिनं माझ्या डब्यातली हळद चिमूटभर स्पिरिटात कालवली. त्यात तेलाचे चार थेंब टाकले आणि सोड्याचं पाणी थेंबाथेंबानं सोडत गेली. पिवळं, पिवळं, पिवळं, आणि एका थेंबाला एकदम कुंकवासारखं लाल. ती थांबली आणि थेंब किती झाले ते वहीत लिहिलं. जन्मभर पदरावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होताना मी बघत आले, आणि त्याला मी ‘डाग भडकला’ म्हणायची. तो भडकत नव्हता, मला सांगत होता की साबणात खार आहे.

पहिलं तेल तिनं शेतातल्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनात घातलं. इंजिन फटफटलं, पाणी आलं. काळ्या धुराच्या जागी फिकट धूर, आणि सगळ्या मळ्यात वड्यांचा वास. शेजारच्या रानातून एकानं हाळी दिली, “काकू, घाणा काढलाईसा व्हय? आमी येतोय की!” तेव्हापासून आमच्याकडं तिच्या पिंपालाही घाणाच म्हणतात. कढईत भज्यांचा घाणा, गोठ्यात तेलाचा घाणा.

इथवर सगळं गोडीत होतं. मग भाऊबीजेला हुपरीचे पाहुणे आले. हे मालकांच्या नात्यातले, घरात चांदीचे पैंजण करण्याचं काम. घर अपुरं पडायला लागलं म्हणून त्यांना कामाला जागा हवी होती. आमचा गोठा बघून म्हणाले, “दादा, ही जागा वापरत न्हाईसा. आमाला द्या की.”

मालक म्हणाले, “वापरतोय की. सूनबाई साबणाचं काढं करत्यात.”

सून भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती म्हणाली, “काढं न्हाय आबा, इंधन हाय. तुमचा टेम्पोसुद्धा पळंल त्यावर.”

“माझा टेम्पो?” मालकांनी ताटावरून मान वर केली. टेम्पो म्हणजे त्यांचा जीव. त्याच्यावर त्यांनी सगळ्या तालुक्याची लग्नाची भांडी वाहिली. “इहिरीचं इंजन कशावरबी चालतंय. माझा टेम्पो घाट चढतोय.”

“मग घाट चढवूया.”

पाहुणे हसले. मालकांना ते हसणं लागलं असावं. त्यांनी सगळ्यांपुढं शब्द टाकला. येत्या रविवारी आमच्या लेकीची दळणाची घरघंटी गगनबावड्याला पोचवायची होती, तिचं सासर तिकडं. “निव्वळ तुझ्या तेलावर जायचं आणि यायचं. पंपाचा एक थेंब न्हाय. गाडी वाटंत थांबली तर गोठा पावण्यांचा. न्हाय थांबली तर तुझा.”

सून म्हणाली, “निव्वळ नको आबा, पाचवा हिस्सा घालूया. सवय नसलेल्या गाडीला निव्वळ एकदम...”

“बघा, आत्ताच पाय मागं.”

“बरं,” ती म्हणाली. “निव्वळ. पण मला दोन गोष्टी करू द्या. रबराच्या जुन्या नळ्या बदलायच्या, हे तेल त्यांना मऊ करतं. आणि टाकी आतून धुवायची. हे तेल आत साठलेलं सगळं सोडवतं.”

नळ्या बदलायला मालक कबूल झाले. टाकीचं नाव काढताच ताटावरून उठले. “माझी टाकी आरशासारखी हाय.”

गोठा गेला असता तर पिंप कुठं ठेवणार होती ती? हॉटेलात आग, घरात पुढं-मागं नातवंडं व्हायची. गोठा गेला म्हणजे ते कामच गेलं. आणि ती बोलली नसती एका शब्दानं, तेच वाईट.

आता माझी करणी ऐक. हसू नकोस.

सोमवारी तिनं हॉटेलचं दोन आठवड्यांचं तेल फडक्यानं गाळलं, चांगलं तापवून त्यातला पाण्याचा अंश घालवला, हळदीची परीक्षा केली आणि झाकून ठेवलं. मंगळवारी सकाळी मी मिसळीची भांडी काढत होते. दिवाळीची गर्दी ओसरलेली, मिसळीचा रस्सा, म्हणजे कट, बराच उरला होता. वर बोटभर लालभडक तर्री. टाकून द्यायचा जीव होईना. मला वाटलं, तर्री म्हणजे तरी काय, तेलच की. तिला तेल कमी पडायला नको. डावानं वरची वर सगळी तर्री काढली, एक मोठं पातेलंभर, आणि गोठ्यात जाऊन तिच्या झाकलेल्या तेलात ओतली. वर झाकण ठेवून आले आणि मनात म्हटलं, पोरीला कळणारसुद्धा नाही कुणी मदत केली.

दुपारी तिनं स्पिरिट आणि सोडा घालून घाणा लावला. संध्याकाळी आम्ही दोघी झाकण काढून बघायला गेलो. खाली काळपट ग्लिसरीन आणि वर मधासारखं तेल, असं दिसायला हवं. पिंपात खरवस होता. नारिंगी रंगाचा, थरथरणारा, कडेनं सुटलेला खरवस. सुनेनं पळी घातली तर पळी उभी राहिली.

ती वहीची पानं पुढं मागं करायला लागली. थेंब परत मोजले. “वजन बरोबर हाय, सोडा बरोबर हाय,” असं स्वतःशीच. मग पळी नाकाशी नेली. “आई, ह्याला कांदा-लसणाच्या चटणीचा वास का येतोय?”

मी म्हटलं, “पोरी, त्यात मी तर्री वतली.”

“कशाला?”

“तुला तेल कमी पडू नये म्हणून.”

तर्रीत पाणी असतं, मीठ असतं. पाणी आणि सोडा एकत्र आले की तेलाचा साबण होतो. ते मला ठाऊक असायला हवं होतं, तिनं सांगितलेलं होतं. पण माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. जन्मभर ज्याला तर्री म्हणजे तेल म्हटलं, तो हात एका महिन्यात कसा बदलणार? मला रडू आलं. मी म्हटलं, मालकांना सांगते, माझी चूक, रविवार पुढं ढकला.

“आबांस्नी सांगायचं न्हाय,” ती म्हणाली. मग पिंपाच्या काठावर बसली आणि खुदकन हसली. “आई, जगात कुणीच मिसळीचं बायोडिझेल केलं नसंल. आपण केलं.”

मग तिनं मला समजावलं. हॉटेलचं तेल पामतेल असतं, ते थंडीत तुपासारखं थिजतं. त्याचं केलेलं इंधनसुद्धा सकाळच्या गारठ्यात नळीत घट्ट होतं. बावड्याला गारठा असणारच, तेव्हा हे तेल तिथं दगा देण्याची भीती होतीच, बरं झालं गेलं ते. हे खरं होतं की माझं मन राखायला म्हणाली, मला अजून माहीत नाही. मी तिला विचारलेलंही नाही.

स्पिरिट एका घाण्यापुरतंच उरलं होतं. आता तेल कुठून आणायचं, ते मात्र मला सुचलं. दिवाळी नुकतीच झालेली. प्रत्येक घरी चकल्या, शेव, करंज्या तळलेलं तेल बरणीत झाकून ठेवलेलं असतंच, आणि त्यात पुन्हा काय करावं हे कुणालाच कळत नसतं. आणि घरात पामतेल कुणी वापरत नाही, सूर्यफूल नाहीतर सोयाबीन. बुधवारी मी किटली घेऊन आळीतून निघाले.

पहिलं घर शेजारच्या अक्कांचं. जैन माणसं, शेती आणि गुळाचा व्यापार. अक्का माझ्यापेक्षा मोठ्या, जिभेनं तिखट.

“काय गं, तेल मागायला आलीस? हाटेलवाली तू, आणि तेल आमच्याकडं?”

“अक्का, तळलेलं द्या. सूनबाई त्यावर टेम्पो चालवणार हायेत.”

“पेट्रोलपंपवाल्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?” असं म्हणत त्यांनी फळीवरून बरणी काढली. सोन्यासारखं पिवळं तेल. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, नुसती शेव आणि चकली तळलेली, त्यामुळं तळाला जळका कण नव्हता. “हे घे. आणि वर माझ्या मोठ्या सुनेकडं जा, तिनं तीन घरांचं तळलंय. सांग तिला, अक्कांनी सांगितलंय, द्यायचंच.”

आळीतल्या नऊ घरांचं तेल झालं. प्रत्येकीनं दिलं आणि प्रत्येकीनं एक टोमणा दिला. सुनेनं घरोघरचं तेल वेगवेगळं ठेवून हळदीची परीक्षा घेतली. अक्कांच्या तेलाला सगळ्यांत कमी थेंब लागले. ही बातमी अक्कांना कळल्यापासून त्या रस्त्यानं जाताना माझ्याशी जरा मान ताठ करून बोलतात.

गुरुवारी घाणा लावला. मी गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून राखण बसले, स्वतःपासूनच राखण म्हण हवं तर. शुक्रवारी सकाळी झाकण काढलं तर दोन थर, रेघ मारल्यासारखे. खालचा काकवीच्या रंगाचा, वरचा मधाचा. खालचा तिनं तोटीतून हळू काढून वेगळ्या डब्यात ठेवला. त्यातही स्पिरिट असतं, त्याला हात लावायचा नाही. मग वरच्याला आंघोळ. पाणी झारीनं, पावसाच्या बुरबुरीसारखं. जोरात ओतलं की ताक घुसळल्यासारखं पांढरं होतं म्हणे. तीन पाणी गढूळ निघाली, चौथं जरा बरं, पाचवं स्वच्छ. शनिवारी पुन्हा कोमट करून पाणी उडवलं. तिनं काचेच्या बाटलीत तेल भरलं आणि बाटलीमागं वर्तमानपत्र धरलं.

“वाचा आई.”

मी बारीक अक्षरातली मुलगी पाहिजेची जाहिरात घडाघडा वाचली. तेव्हा ती म्हणाली, झालं.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. मागं घरघंटी दोरानं बांधलेली, पुढं मालक, मध्ये मी, खिडकीशी सून. तिच्या पायाशी एक पिशवी, त्यात दोन नवे फिल्टर, पाने-पक्कड आणि एक लहान पातेलं. मालकांनी पिशवीकडं बघितलं. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मालक जरा वेळ नुसतं ऐकत बसले.

“आवाज बारीक झालाय का गं?” त्यांनी मला विचारलं.

“मला काय इचारता, तिला इचारा.”

त्यांनी तिला विचारलं नाही. पण कोल्हापूर मागं टाकेपर्यंत त्यांनी रेडिओ लावला नाही, सगळा वेळ इंजिन ऐकत होते. वाटेत कळे गावात चहाला थांबलो, ते थांबणं मोजायचं नाही असं आधीच ठरलेलं. टपरीवाला नाक वर करून म्हणाला, “पावणं, गाडीत वडं हायीत व्हय? वास आलाय झ्याक.”

मालक म्हणाले, “चकली हाय. आमच्या शेजारच्या अक्कांची.”

पहिल्यांदा त्यांनी त्या तेलाबद्दल हसून काही म्हटलं. सुनेनं चहाचा पेला तोंडाशी धरला होता, तो तसाच राहिला.

बावड्याला पोचलो, घरघंटी उतरवली, लेकीनं गरम भाकरी वाढली. मला वाटलं, निम्मं जिंकलं. पण मालक हात धुऊन आले आणि म्हणाले, “चढ कुठं लागला अजून? हितवर रस्ता आपला सरळच. चढ म्हंजी भुईबावड्याचा.” आणि जावयाच्या दारात बांधकामाचे चिरे पडले होते, ते टेम्पोत भरायला लागले. रिकामी गाडी कुणीही चढवील म्हणाले. जावई बिचारा बघत राहिला. सून पदर खोचून चिरे द्यायला उभी राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. पण तिनं त्यांना अडवलं नाही. खोटी परीक्षा पास होण्यात तिला रस नव्हता.

घाट कोकणच्या बाजूला उतरलो आणि खालून वळवून परत वर निघालो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, दुसऱ्या गिअरला टेम्पो. दोन वळणं खणखणीत चढला. तिसऱ्या वळणाआधी एक आचका दिला. मग दुसरा. मालकांनी पाय दाबला तर ताकद येईना. म्हातारं माणूस जिना चढताना मध्येच भिंतीला हात लावतं, तसं त्या गाडीचं झालं. मी डोळे मिटून घेतले.

“आबा, बाजूला घ्या,” सून म्हणाली.

मालकांनी बाजूला घेतलं. हँडब्रेक ओढला, किल्ली बंद केली. सून उडी मारून उतरली, मी चाकांना दगड लावले. तिनं फिल्टर उघडला आणि एका पातेल्यात उपडा केला. आतून जे आलं ते तिचं मधासारखं तेल नव्हतं. काळा गाळ, गुळाच्या काहिलीच्या तळाला करपून बसतो तसा. टाकीत वर्षानुवर्षं साठलेलं, तिच्या तेलानं सोडवून पुढं ढकललेलं.

मालक खाली वाकले. बोटानं गाळ उचलला, अंगठ्यावर चोळला.

“किती वर्साचा असंल?”

“गाडीएवढा असंल आबा.”

एवढंच बोलली ती. ‘मी सांगितलं होतं’ असं नाही, टाकीचं आणि आरशाचं तर नावच नाही. तिच्या जागी मी असते तर घाट संपेपर्यंत बोलले असते. तिनं नवा फिल्टर बसवला आणि म्हणाली, “हवा धरली असंल. पंप तुमी मारा, माझा हात पुरत न्हाय.” तिचा हात पुरला असता, मी पाहिलंय तिला विहिरीवर. मालक वाकून हातानं दाबायचा तो लहान पंप मारायला लागले, ती नट सैल करून बुडबुडे बघत होती. दोघांची डोकी एकत्र, दोघांचे हात काळे. कठड्यावर पाच-सहा माकडं बसून बघत होती.

किल्ली फिरवली. दोनदा खोकलं आणि लागलं. सगळ्या चिऱ्यांनिशी तो टेम्पो उरलेली वळणं चढला, माथ्यावर वारा लागेपर्यंत कुठं अडखळला नाही.

पण थांबला तर होताच ना. शब्द तसाच होता, वाटेत थांबला तर गोठा पाहुण्यांचा. माथ्यावर मालकांनी गाडी उभी केली आणि खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी मोठ्या आवाजावर लावतात, त्यामुळं आम्हा दोघींना सगळं ऐकू आलं.

“दादा, काय झालं मग? थांबली का पळाली?” हुपरीचे पाहुणे.

“गाडी थांबली न्हाय. मी थांबवली.”

“का?”

“गाळ काढाय.”

“म्हंजी तेलात गाळ निघाला म्हणा की.”

“तेलात न्हाय. माझ्या टाकीत.”

“मग गोठ्याचं?”

“गोठ्यात काम चालू हाय,” मालक म्हणाले. “तुमी मागच्या अंगणात पत्रं टाका. जागा बक्कळ हाय, मी खांब रोवून देतो.”

फोन ठेवून त्यांनी गिअर टाकला. सुनेनं तो काळा फिल्टर कागदात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बावड्यापासून कळ्यापर्यंतचा रस्ता मला फार सुखाचा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी टाकी स्वतः उतरवली आणि धुतली. आता टेम्पोत पाच हिश्शांत एक हिस्सा घरचं तेल असतं, कारण रोजच्या कामाला तेवढंच बरं असं ती म्हणते, आणि कारणंही सांगते. थंडीत थिजतं, फार दिवस साठवलं तर बिघडतं, डिझेलपेक्षा जरा जास्त लागतं. ती कशाचीच फुशारकी मारत नाही. विकायचं तर नाहीच, त्याला परवानगी लागते. मी तिला एकदा म्हटलं, मग सगळ्या जगाच्या गाड्या ह्यावर चालतील की. ती म्हणाली, “न्हाय आई, तेवढी भजी कोण खाणार? पण जेवढी खाल्ली तेवढ्यांचं तेल तरी वाया जाऊ नये.” इतकं सरळ बोलणारं माणूस मी माझ्या घरात दुसरं पाहिलं नाही.

नव्या वर्षी तिनं शाळेतल्या नववीच्या मुलींना गोठ्यात आणलं. बावीस मुली, बावीस जणींच्या घरचं तेल लहान लहान बाटल्यांत. हळदीचं लाल होताना बघून त्यांनी जो गलका केला तो तुला पत्रात ऐकू यायचा नाही. मालक दाराशी उभे राहून एकेकीला सांगत होते, बिडी पेटवायची न्हाय हं हितं. मुली एकमेकींकडं बघून हसत होत्या.

तर असं आहे सगळं. तू वाचलंस, पण बघितलं नाहीस. दर दुसऱ्या शनिवारी तिचा घाणा असतो आणि रविवारी सकाळी झाकण काढतो. दोन थर वेगळे झालेले पहिल्यांदा बघताना माणसाच्या तोंडावर काय येतं ते मला तुझ्या तोंडावर बघायचंय. शुक्रवारची गाडी पकड, स्टेशनवर मालक येतील न्यायला. मटकी भिजवायची असते, म्हणून एक दिवस आधी फोन कर. लवकर ये गं, वाट बघते.